ताई, तेल कुठं कुठं मारलं तू?

रविवारी सकाळी चंद्रपूरहून एक मुलगा गाडी बघायला येणार होता. गाडी म्हणजे रिमोट कंट्रोलची, आरसी. माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत वणीच्या एका मोबाइल दुकानात काम करून, त्या पैशांतून सेकंड-हँड घेतलेली. आता त्याला ती विकायची होती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा खर्च समोर होता आणि घरी पैसे मागणं त्याच्या जिवावर आलं होतं. फोनवर सौदा जवळपास ठरला होता, फक्त गाडी चालवून दाखवायची बाकी.

मी शुक्रवारी राजूरला घरी आले. गाडी पलंगाखाली धूळ खात पडली होती. म्हटलं, भावाला सरप्राइज देऊ. कपाटावर गंज सोडवायचा स्प्रे होता. चाकं, गिअर, स्प्रिंगा, जिथे जिथे काही फिरतं किंवा हलतं असं वाटलं तिथे तिथे मस्त फवारा मारला. गाडी अशी चमकली की मीच खूश. शनिवारी त्याने नेहमीच्या मैदानावर दोन बॅटऱ्या संपेपर्यंत ती पळवली. रविवारी पाहुणा आला, गाडी निघाली, आणि तिसऱ्याच वळणावर आतून आवाज आला. मिक्सरमध्ये खडा गेल्यावर येतो ना, तसा. तो मुलगा बिचारा काही बोलला नाही. चहा घेतला आणि परत गेला.

भाऊ गाडी उलटी करून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, तेल कुठं कुठं मारलं तू?"

"सगळीकडे," मी म्हटलं.

"झालं मग."

काळी धूळ, पांढरी धूळ

वणी परिसरात राजूर कॉलरी म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. कोळसा आणि चुना. त्यामुळे आमच्याकडे धुळीचेही दोन रंग. एक कोळशाची काळी, दुसरी चुनाभट्ट्यांची पांढरी. खाली जमीन कापसाची काळी माती, जी उन्हाळ्यात भुकटी होते आणि पावसाळ्यात चपलेसकट पाय धरून ठेवते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टाचं इथे काय होतं हे कॉलरीत वाढलेल्या कुणालाही विचारा.

या जागेत तेल लावलेली उघडी वस्तू म्हणजे धुळीला आमंत्रण. कोळसा आणि चुनखडी तशी मऊच, पण रस्त्यावरच्या धुळीत बारीक वाळूही असते, आणि वाळूतलं क्वार्ट्झ कडकपणाच्या मोह्झ मापावर ७ ला असतं. साधं पोलाद त्याच्यापुढे मऊ पडतं, प्लॅस्टिकच्या गिअरची तर गोष्टच सोडा. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला ग्राइंडिंग पेस्ट वापरतात. ती असते काय? ग्रीसमध्ये मिसळलेली कडक भुकटी. मी घरबसल्या नेमकी तीच तयार केली होती. ग्रीस माझ्या स्प्रेचं, भुकटी राजूरची.

गाडी खोलली तेव्हा मोठ्या गिअरचे दात टोकाला झिजून सुरीसारखे झाले होते. चाकांतले बेअरिंग बोटावर फिरवले तर खरखर जाणवत होती. चार बेअरिंग कायमचे गेले, बाकीचे धुतल्यावर वाचले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. चूक स्प्रेची नव्हती. अशा स्प्रेंमध्ये जगात सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे डब्ल्यूडी-४०. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने तो बनवला. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तो वापरला गेला. आमचा डबा दुसऱ्याच कुठल्यातरी बनावटीचा होता, पण काम तेच. ओल हटवणं, जाम झालेला बोल्ट सुटा करणं. त्यात थोडं तेल असतं, पण बराचसा भाग उडून जाणारा. बेअरिंगमध्ये तो गेला की आधीचं चांगलं तेल विरघळवून बाहेर काढतो आणि स्वतः जो पातळ थर मागे ठेवतो तो फार दिवस टिकत नाही. मधल्या काळात धूळ आत शिरते.

एवढ्याशा चाकाला एवढं काय?

मलाही हेच वाटलं होतं. खेळणंच तर आहे. मग भावाने हिशोब घातला. गाडीच्या चाकाचा व्यास साधारण साडेसहा सेंटीमीटर. गाडी ताशी ४० किलोमीटरने पळाली तर ते चाक मिनिटाला सव्वातीन हजारांच्या आसपास फेरे घेतं. त्याच वेगाला बाइकचं चाक जेमतेम सव्वातीनशे-साडेतीनशे फेरे घेत असतं. आणि आरसीची मोटर चाकाच्या कितीतरी पट जास्त फिरते, वीस-पंचवीस हजार फेरे ही साधी गोष्ट. शेंगदाण्याएवढ्या बेअरिंगवर हा सगळा भार. तिथे तेल चुकलं तर बेअरिंग तापतं आणि शेवटी फुटतं.

म्हणजे प्रश्न 'तेल लावायचं का' हा नाहीच. कुठे, कोणतं, किती आणि कुठे अजिबात नाही, हा आहे.

बेअरिंगपासून सुरू करू. बेअरिंगला पातळ तेल लागतं, आणि लागतं ते एकच थेंब. कंपन्यांचं खास बेअरिंग ऑइल ऑनलाइन मिळतं, पण वणीच्या बाजारात मिळणारं शिलाई मशीनचं तेलसुद्धा धातूच्या बेअरिंगला चालतं. आधी बेअरिंग साफ हवं. रबरी झाकण असेल तर सुईच्या टोकाने अलगद उचलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग थेंब. (पेट्रोलने धुणारे खूप आहेत. कृपा करून बंद खोलीत, गॅसजवळ किंवा बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना हे उद्योग करू नका.) थेंब टाकल्यावर बेअरिंग पेन्सिलीवर फिरवलं तर ते कोरड्यापेक्षा लवकर थांबतं. यूट्यूबवर बेअरिंग मिनिटभर फिरताना दाखवून 'बघा काय तेल आहे' म्हणणारे व्हिडिओ आहेत, त्यांच्यावर जाऊ नका. सगळ्यात जास्त वेळ कोरडं बेअरिंगच फिरतं, आवाज करत. गाडीत बसवलं की तेच पहिलं मरतं.

स्वस्त गाड्यांत बेअरिंगच्या जागी नुसती पितळी रंगाची रिंग असते, बुश म्हणतात तिला. काही बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात, तेल स्वतःच्या अंगात धरून ठेवतात. त्यांनाही थेंबभर तेल पुरतं. साध्या ब्रशवाल्या मोटरच्या दोन टोकांना असे बुश असतात. थेंब तिथे, दांड्याजवळ. मोटरच्या पोटात नाही. आतल्या कार्बन ब्रशवर तेल गेलं की काळा चिखल होतो आणि मोटर दम टाकते.

आता गिअर, जिथे मी सगळ्यात मोठा पराक्रम केला होता. मोटरवरचा छोटा गिअर आणि त्याला भिडणारा मोठा गिअर बऱ्याच गाड्यांत उघडाच असतो. मोठा गिअर बहुतेक वेळा नायलॉन किंवा अ‍ॅसिटलसारख्या प्लॅस्टिकचा. ही प्लॅस्टिक मुळातच घसरडी असतात, वंगणाशिवाय चालतील अशीच निवडलेली. उघडा असेल तर तो कोरडाच ठेवायचा. फार झालं तर टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे, जो वाळल्यावर हाताला चिकटत नाही. याउलट डब्यात बंद असलेले धातूचे गिअर, डिफरन्शियलचे मोठे दात वगैरे, त्यांना ग्रीस हवंच. तिथे धूळ पोचत नाही आणि ग्रीस उडूनही जात नाही. दातांवर बोटाने पातळ थर द्यायचा. डबा ठासून भरला तर मोटरची ताकद ग्रीस ढवळण्यातच जाते.

मोठेबाबांचा आक्षेप

ही कोरडं ठेवायची भानगड आमच्या मोठेबाबांना अजिबात पटली नाही. मोठेबाबा कोळसा खाणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेत. ते ओट्यावर बसून आमचा पसारा बघत होते. त्यांचं म्हणणं, आयुष्यभर धुळीत मशिनी चालवल्या, धुळीवर उपाय एकच, ग्रीस. जास्त ग्रीस. "तुमी कोरडं काय ठेवून राहिले बापा?"

आणि ते चूक नव्हते. डंपर, शॉव्हेल यांच्या पिनांना ग्रीस निपल असतो. ग्रीस गनने दाब देत राहायचं, जोपर्यंत दुसऱ्या बाजूने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसत नाही तोपर्यंत. म्हणजे ग्रीस तिथे दोन कामं करतं. घर्षण कमी करतं आणि धुळीला ढकलून बाहेर काढतं. बाहेर आलेलं ग्रीस कडेला जमून झाकणासारखं बसतं, ते पुसायचंही नसतं.

फरक इथेच आहे. आमच्या गाडीला निपल नाही, जुनं बाहेर जायला वाट नाही. एकदा लावलेलं ग्रीस, त्यात अडकलेली धूळ घेऊन, तिथेच फिरत राहतं. भावाने हे सांगितल्यावर मोठेबाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "मंग दर वेळी खोलून साफ करा लागन." बरोबर. आरसीवाल्यांचा निम्मा छंद तोच आहे.

त्यांच्याचमुळे एक भन्नाट गोष्ट कळली. खाणीत पूर्वी जे स्वस्त पिवळं कप ग्रीस यायचं ते कॅल्शियम ग्रीस. तेल घट्ट करायला त्यात चरबी आणि चुना यांचा साबण असतो. हो, चुना! आमच्या भट्ट्यांमधून ट्रक भरून जातो तोच पदार्थ. हे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण जास्त उष्णतेत वितळतं. लिथियम ग्रीस आलं ते १९४० च्या दशकात, आणि आज हार्डवेअरच्या दुकानात जे पांढरं ग्रीस मिळतं ते बहुतेक त्याच कुळातलं. धातूच्या गिअरला ते उत्तम. प्लॅस्टिकला लावताना मात्र डब्यावर 'प्लॅस्टिकसाठी सुरक्षित' असं लिहिलंय का ते बघायचं. खनिज तेलं आणि स्प्रेतली द्रावणं एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला बाधू शकतात. वरची रंगीत बॉडी पॉलिकार्बोनेटची असते. स्क्रूच्या भोकाजवळ केसासारखे तडे दिसले तर पडण्या-धडकण्यासोबत स्प्रेवरही संशय घ्या.

आणि वंगण हा शब्दच आपल्याकडे बैलगाडीमुळे घराघरात आहे. आसाला घालायचं ते वंगण, आणि त्यात एरंडेल. हेच एरंडेल पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत गेलं. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ मध्ये त्याच्याच इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून, पडलं. आज आरसीमध्ये ज्या नायट्रो गाड्या असतात, खऱ्या इंजिनाच्या, धूर सोडणाऱ्या, त्यांच्या इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनसोबत तेल आधीच मिसळलेलं असतं. कित्येकदा त्यात एरंडेलही असतं. बैलगाडी ते आरसी, तेल तेच.

म्हणून स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल चालेल असा अर्थ काढू नका. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेल हवेने चिकट होत जातं, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर बसतो तो थर आठवा. खोबरेल तेल तर आपल्या हिवाळ्यात बाटलीतच गोठतं. आणि बाइकचं जळकं ऑइल, जे गॅरेजवाला फुकट देतो, त्यात आधीच काजळी आणि धातूचा चुरा असतो. पेन्सिलीचं शिसं घासायचा सल्लाही मला एकाने दिला. ग्रॅफाइट घसरडं असतं हे खरं, पण पेन्सिलीत त्याच्यासोबत चिकणमातीही असते. शिवाय ग्रॅफाइटमधून वीज जाते, त्यामुळे सर्किटजवळ त्याची भुकटी नकोच.

जे तेल घसरवत नाही, अडवतं

इथपर्यंत मला वाटत होतं की कळलं सगळं. मग भावाने दोन बाटल्या काढल्या. दोन्ही सिलिकॉन ऑइल. एक पाण्यापेक्षा थोडी जाड, दुसरी उलटी केली तरी मधासारखी सावकाश उतरणारी. ही वंगणं नाहीतच. ही अडवायला असतात.

पहिली शॉक अ‍ॅब्सॉर्बरसाठी. आत एक भोकं असलेला पिस्टन वरखाली होतो, तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, म्हणून गाडी खड्ड्यानंतर स्प्रिंगसारखी नाचत राहत नाही. या तेलाचा जाडपणा दोन प्रकारे लिहितात. वेट आणि सीएसटी. ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी, पण वेटचा आकडा कंपनीगणिक थोडा हलतो. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करायची तर सीएसटी बघा. पाणी असतं १ सीएसटीच्या आसपास, त्यावरून अंदाज बांधा.

सिलिकॉनच का? कारण उष्णतेने ते खनिज तेलाइतकं पातळ होत नाही. पण होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा जानेवारीत बरोबर वाटलेली गाडी बेडकासारख्या उड्या मारते. भाऊ उन्हाळ्यात एक पायरी जाड तेल भरतो. बाइकचं फोर्क ऑइल भरणारेही आहेत. काही दिवस चालतं, पण काही रबरी ओ-रिंग त्याने फुगतात आणि मग शॉक गळायला लागतो.

भरणं हे संयमाचं काम. तेल ओतायचं, पिस्टन हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर यायची वाट बघायची. मी पहिला शॉक घाईत बंद केला. दाबला की आतून फसफस आवाज. भावाने न बोलता तो पुन्हा उघडायला दिला. दुसऱ्या वेळी शॉक उभे करून आम्ही जेवायला गेलो. आलो तोवर बुडबुडे गायब.

दुसरी, मधासारखी बाटली डिफरन्शियलसाठी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही गिअरपेटी. आत तेल पातळ असेल तर गाडी सहज वळते, पण जोरात वळताना आतलं चाक हवेत हलकं झालं की सगळी ताकद त्याच चाकातून वाया जाते. जाड असेल तर दोन्ही चाकं एकमेकांना धरून ठेवतात. इथले आकडे हजारांत असतात. १/८ मापाच्या बग्गीत पुढे ५ हजार, मध्ये ७ हजार, मागे ३ हजार सीएसटी हा नेहमीचा संच. लाखांतली तेलंही मिळतात. गिअर जेमतेम झाकतील इतकंच भरायचं, तापल्यावर फुगायला जागा ठेवायची. मात्र सगळ्या स्वस्त गाड्यांचे डिफ सीलबंद नसतात. त्यात हे महागडं तेल ओतलं तर ते संध्याकाळपर्यंत जमिनीवर असतं. तिथे घट्ट ग्रीसच बरं.

आणि उरलेलं शॉक ऑइल बेअरिंगमध्ये टाकायचा मोह होतो. मला झाला. लोखंडावर लोखंड घासतं तिथे सिलिकॉन तेलाचा थर टिकत नाही. ते शॉकमध्येच राहू द्या.

राहिल्या त्या जागा जिथे काहीच लावायचं नाही. स्लिपर क्लच असेल तर त्याच्या पॅडवर थेंबही नको, त्याचं कामच घर्षणावर चालतं. सस्पेन्शनच्या पिना आमच्या गावात तरी कोरड्याच. गाडी मैदानावरून आली की रंगाच्या जुन्या ब्रशने झटकायची. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची असेल तर लांबून, आणि तोंडाला रुमाल बांधून. नेम थेट बेअरिंगवर धरला तर धूळ बाहेर येण्याऐवजी आत जाते.

नवा गिअर आणि बेअरिंगचा सेट यायला आठ दिवस लागले. पैसे मी दिले, साहजिकच. इंटर्नला किती मिळतात ते विचारू नका. मधल्या काळात भावाने चंद्रपूरच्या मुलाला फोन करून काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, ताईच्या पराक्रमासकट. मी म्हटलं, आता तो कशाला येतोय?

त्याचा फोन परवा आला. गाडी दुरुस्त झाली का, हे विचारून झालं. मला वाटलं आता भाव पाडणार. त्याने विचारलं, "मागच्या डिफमध्ये किती हजाराचं टाकलं?"

भाऊ फोन घेऊन गच्चीवर गेला तो पाऊण तास खाली आलाच नाही. स्प्रेचा डबा पुन्हा कपाटावर आहे. त्यावर मार्करने लिहिलंय, 'फक्त गेटच्या कडीसाठी. ताई, वाच.'